दुभाष्या नातेवाईक नको

आमची भाषा तुम्ही मारलीत, साहेब. तिला रोग झाला नव्हता, ती म्हातारीही झाली नव्हती. पोरं तिच्यात भांडत होती, बाया तिच्यात शिव्या देत होत्या. तुम्ही एका दुपारी आलात, आमच्या गावचा चहा प्यायलात आणि तिला मारून गेलात. आणि आता मागच्या महिन्यात जिल्ह्याच्या सभागृहात खांद्यावर शाल घेऊन तुम्हीच तिच्या नावाने गळा काढलात. "नव्या पिढीला आपल्या बोलीची लाज वाटते," असं म्हणालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होते. हात वर केला तर माईक घेऊन फिरणाऱ्या मुलीने सांगितलं, "ताई, वेळ संपलाय. प्रश्न लेखी द्या."

लेखी देते. शाळेत मी शिकले नाही, शाळेत मी भाकऱ्या केल्या. आश्रमशाळेच्या भटारखान्यात तेलाच्या डब्यांवरची आणि पोरांनी फाडून टाकलेल्या पुस्तकांतली अक्षरं जुळवत वाचायला लागले. माझ्या लिहिण्यात चुका असतील. आठवण्यात नाहीत.

तुमची जीप ओढ्यातून वर आली तेव्हा मांडव बांधून झाला होता. मांडव कसला, चार बल्ल्या आणि वर हिरवं कापड, तेही तुमच्याच माणसांनी आणलेलं. खाली टेबल, टेबलावर चादर, बाटलीतलं पाणी, बिस्किटं. समोर जमिनीवर आमचं अख्खं गाव. गाव म्हणजे विसेक घरं. सातपुड्याच्या त्या एका दरीत आमचं बोलणं उरलं होतं. आसपासच्या गावांत कोरकू बोलतात, ती निराळी भाषा, आमच्या बोलण्याशी तिचं काही नातं नाही. आमच्या भाषेचं नाव मी इथे घालत नाही. तुमच्या कागदांत तिची नाना नावं आहेत, त्यातलं एकही आम्ही दिलेलं नाही. आम्ही तिला 'घरचं बोलणं' म्हणतो, तुम्हीही तेच म्हणा.

मी टेबलाजवळ उभी होते. धुतलेलं लुगडं, डोक्याला तेल. तुमच्याच कचेरीतून निरोप आला होता की जमनीबाईंनी दुभाष्याचं काम करावं. गावात मराठी धडपणे बोलणारी मीच. बाकीच्यांचं मराठी बाजारापुरतं: कितीले, महाग हाय, जाऊ दे.

आदल्या दिवशी फुईने मला समोर बसवलं होतं. फुई म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण, बिरजी. तिच्याहून मोठं गावात कोणी उरलं नव्हतं. ती म्हणाली, "जमनी, उद्या आम्ही आमच्या रीतीनं उत्तर देऊ. तू ते त्याच्या भाषेत त्याला सांग. पदरचं घालू नको, काही गिळू नको."

मी म्हटलं, "तेवढंच ना? ते मी करीन."

कशाचं उत्तर, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी लिहिते. आमचं गाव अभयारण्यात येत होतं, म्हणून उठवायचं होतं. त्यावर आम्ही दोन वर्षं भांडलो आणि थकलो. मग आम्ही एकच मागितलं: उठवा, पण सगळ्यांना एका जागी बसवा. तुमच्याकडे एका जागी तेवढे प्लॉट नव्हते. तीन वसाहतींत थोडे थोडे होते. एक धरणाच्या खाली, एक हमरस्त्यावर, एक दुसऱ्याच तालुक्यात. गाव तीन तुकड्यांत वाटायचं आणि त्याला गावाची संमती घ्यायची, यासाठी तुम्ही आला होता. जमिनीची फुईला पर्वा नव्हती असं नाही. पण ती म्हणायची, "माती कुठेही मिळेल गं. भांडायला माणूस कुठून आणायचा?" दोन-चार घरांनी भाषा होत नाही, साहेब. सोयरिकीला, मयतीला, उखाळ्यापाखाळ्या काढायला माणसं लागतात.

तुम्ही खुर्चीत बसलात. माझ्याकडे पाहून चांगलं बोललात.

"तुम्ही या गावच्याच का, बाई?"

"हो साहेब."

"आणि या समोर बसल्यात त्या आजी?"

"माही फुई हाय."

"ते पागोटेवाले?"

"काका. चुलत."

"आणि ती बाळ घेऊन बसलेली?"

"वहिनी."

तुम्ही कारकुनाकडे पाहिलंत. त्याच्या तोंडात पान होतं. ते सांडू नये म्हणून हनुवटी वर करून तो म्हणाला, "हितसंबंध येतो, साहेब. दुभाष्या नातेवाईक नको. नियम आहे."

"ऐकलंत, बाई? तुमच्यावर अविश्वास नाही. पण उद्या कोणी म्हणेल, घरच्या माणसाने घरच्यांच्या सोयीचं सांगितलं."

"साहेब, हे बोलनं बोलनारे समदे इथंच बसले हायेत. अन् इथं बसलेले समदे माहे नातेवाईक हायेत. बाहेरचा मानूस कुठून आनू?"

"शेजारच्या गावात कोणी?"

"शेजारच्या गावात हे बोलनं नाही."

"तालुक्याला?"

"नाही."

"अहो, एवढ्या मोठ्या देशात कुठेतरी असेल की कोणी."

"नाही साहेब. हे एवढंच हाय." मी हाताने मांडवातली माणसं दाखवली.

तुम्ही हसलात. वाईट हसला नाहीत, खरं ते सांगते. "म्हणजे नियमाप्रमाणे तुमच्या भाषेला दुभाष्या असूच शकत नाही."

"तेच तर सांगून राह्यली मी."

"पण नियम आहे ना, बाई."

मग तुम्ही सुखदेव मास्तरांना बोलावलंत. ते आश्रमशाळेतले मास्तर, जातीने कोरकू, माणूस तसा मऊ. मी त्यांच्या शाळेत स्वयंपाकीण, रोज त्यांना वाढायचे. "जमने, भाजीत मीठ टाकलं का नुसती मिठाची आठवन टाकली?" असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. ते टेबलाजवळ आले आणि तुमच्या कानाशी वाकून म्हणाले, पण मी जवळच होते, मला ऐकू आलं.

"साहेब, मले कोरकू येते. यायचं बोलनं कोरकू नाही. मले यातलं ओ का ठो समजत नाही."

"मास्तर, आदिवासी भाषाच ना शेवटी?"

"हो, पन..."

"तुम्ही कोणाचे नातेवाईक नाही ना?"

"नाही."

"झालं तर. बसा."

मास्तर बसले. आणि मला तुम्ही जीपजवळ उभं राहायला सांगितलंत. मांडवाच्या बाहेर, उन्हात. ड्रायव्हर दरवाजा उघडा टाकून बिडी ओढत होता. मला म्हणाला, "ये ना वं माय, सावलीत बस. तुह्या सायबाचं आता लय वेळ चालते."

मी बसले नाही.

तुम्ही कागद वाचलात. तीन वसाहतींची नावं, प्लॉट, वीज, नळ. मास्तर एकेक वाक्य कोरकूत सांगत गेले. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना कोरकू बाजारातलं थोडं कळतं, त्यामुळे मध्येच एखादा शब्द ओळखीचा लागला की ते मान वर करत. माझ्या काकाने मास्तरांचं 'पाणी' ओळखलं आणि समोरचा तांब्या पुढे सरकवला. त्याला वाटलं मास्तरांना तहान लागली. कारकून खो खो हसला. मास्तर पाणी प्यायले, काय करतील?

तुमच्या लक्षात आलं का, कोणी गोंधळलं नव्हतं? तुम्ही काय विचारायला आलात हे गावाला महिनाभर आधी ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, घरोघर जाऊन. त्यांना दुभाष्या लागत होता तो तुमचं समजायला नव्हे. तुम्हाला त्यांचं समजायला.

मग तुम्ही उभे राहिलात. आवाज चढवलात. "तर या तीन ठिकाणी स्थलांतराला कोणाचा आक्षेप आहे का?"

मास्तरांनी कोरकूत विचारलं.

गाव गप्प.

तुम्ही पुन्हा विचारलंत, या बाजूला बघून, त्या बाजूला बघून. एक कोंबडी मांडवात शिरून टेबलाखालचा बिस्किटाचा चुरा टिपत होती, तिच्या चोचीचा आवाज येत होता. वहिनीने बाळ कुरकुरायच्या आत पदराखाली घेतलं. माझा एक चुलता जुन्या खोकल्याचा, खोकल्यावाचून घटकाभर बसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता, त्याने तोंडात टॉवेलचा बोळा धरला. बायांनी हात मांडीवर ठेवले होते. सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे. खाली कोणी पाहत नव्हतं. घाबरलेला माणूस खाली बघतो, साहेब.

तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत. मग हात झटकून कारकुनाला म्हणालात, "घ्या. आक्षेप नाही. एकमताने मंजूर."

मी मांडवात धावले.

"साहेब, लिहू नका! थे नाही म्हनून राह्यले!"

"कोण म्हणालं?"

"समदे."

"मला तर कोणी तोंड उघडलेलं दिसलं नाही. मास्तर, तुम्हाला काही ऐकू आलं?"

"नाही साहेब."

"थेच नाही हाय, साहेब! गप्प राह्यनं म्हनजेच नाही. मोठ्या गोष्टीले आम्ही तोंडानं नाही म्हनत नसतो."

त्या दिवशी तुम्ही मला पुरतं सांगू दिलं नाही. आज सांगते. बाजारात आम्ही दिवसभर नाही नाही म्हणतो आणि संध्याकाळी बकरी देऊन येतो. नाही म्हटलं की समोरचा विचारतो, का नाही? मग कितीला हो? म्हणजे नाही हा सौद्याचा पहिला बोल. म्हणून ज्याच्यावर सौदाच नाही, पोरगी, जमीन, मेलेल्याची जागा, तिथे आमच्यात नाही म्हणत नाहीत. शब्दच देत नाहीत. अख्खं घर गप्प बसतं. पाहुण्याला कळतं, तो पाणी पितो, उठतो, पुन्हा तो विषय काढत नाही. कोणाचा अपमान होत नाही, वैर राहत नाही. आणि हो म्हणायचं असेल तर गलका. एकाच वेळी सगळे बोलतात, म्हातारे काठ्या आपटतात, ऐकणाऱ्याचे कान बसतात. विसेक घरांनी मिळून तुम्हाला ते उत्तर दिलं, ज्याच्यापुढे आमच्यात दुसरं उत्तर नाही. तेच मराठीत सांगायला फुईने मला ठेवलं होतं, आणि तुम्ही मला उन्हात.

तुम्ही समजुतीच्या सुरात म्हणालात, "बाई, मौन म्हणजे संमती. लहान पोरालाही ठाऊक आहे."

"तुमच्यातल्या पोराले."

"कायदा तुमचा वेगळा, आमचा वेगळा असं नसतं."

तेवढ्यात मागून फुईचा आवाज आला. घरच्या बोलण्यात. त्याचं मी मराठीत लिहिते, तिचे शब्द तुमच्या हाती देणार नाही. तुम्ही ते शालीवर छापाल.

"तोंड मीट, जमनी! सगळं वाया घालवशील. तू बोललीस की त्याला वाटेल अजून काही द्यायचं-घ्यायचं बाकी आहे."

"फुई, त्यांना कळलं नाही! त्यांना वाटतंय तुम्ही हो म्हणालात!"

"इतकी माणसं गप्प बसली आणि कळलं नाही? बहिरा आहे का तो?"

माझे स्वतःचे लोक माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. वहिनीनेसुद्धा तोंड फिरवलं. त्यांच्या लेखी जिथे सौदाच नाही तिथे मी सौदा उघडत होते. इकडे तुम्ही, तिकडे ते, आणि दोन्ही भाषा येणारी मी एकटी. माझं बोलणं कोणीच धरेना.

मग मला मास्तर दिसले. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मास्तर, तुम्ही तुमच्या भाच्यासाठी मले मागाले आमच्या घरी आलते. सांगा साहेबाले, काय झालं थे."

मास्तर लाजले. "जमने, थे काहून काढतं आता?"

"सांगा ना. किती वेळ बसले? कोनी नाही म्हनलं का तुम्हाले?"

"नाही."

"कोनी हो म्हनलं?"

"नाही वं."

"मग परत काहून नाही आले? गप्प राह्यनं म्हनजे हो असते, तर वरात काहून नाही आनली?"

ड्रायव्हर जीपजवळून मोठ्याने हसला. मास्तरही हसणार होते, पण तुम्ही आता त्यांच्याकडे नीट पाहत होता. तुम्ही पेन खाली ठेवलंत. त्या क्षणासाठी मी तुम्हाला आजही अर्धा गुण देते.

"मास्तर," तुम्ही म्हणालात, "तुम्ही तिऱ्हाईत आहात. तुमचं सांगणं मी ग्राह्य धरीन. या लोकांत गप्प बसणं म्हणजे नकार असतो का? तुमचा अनुभव काय? स्पष्ट सांगा. लिहून घेतो."

एक शब्द लागत होता. हो. तेवढा शब्द मराठीत, कोरकूत, कशातही चालला असता.

मास्तरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. तुमच्याकडे पाहिलं, कारकुनाकडे पाहिलं. त्यांची कायमची नेमणूक किती वर्षं लोंबकळत होती हे मला माहीत होतं, आश्रमशाळेत भांडी घासणाऱ्या बाईलाही माहीत होतं. कारकून त्यांच्याकडे बघून नुसतं पान चावत होता. मास्तरांनी एकदा फुईकडे पाहिलं.

आणि मास्तर गप्प बसले.

मांडवात काहीतरी हललं. माझ्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. फुईचे डोळे भरून आले. त्यांना काय दिसलं, समजतंय का तुम्हाला? एवढ्या मोठ्या साहेबाने मास्तरांना तोंडावर काहीतरी विचारलं आणि मास्तर गप्प बसले. परका माणूस, आमच्या रीतीने, आमच्या बाजूने, साहेबाला नाही म्हणाला!

तुम्ही म्हणालात, "म्हणजे मास्तरांचा दुजोरा नाही."

"असं कसं?" मी ओरडले. "मौन म्हनजे संमती म्हनले ना तुम्ही आताच? मास्तर गप्प हायेत. मंग माह्या बोलन्याले संमती झाली ना त्यायची! लिहा!"

कारकुनाला ठसका लागला, पान शर्टावर सांडलं. तुमचं तोंड लाल झालं.

"बाई, शब्दांचे खेळ नकोत."

खेळ. गाव गप्प बसलं तर हो, आणि मास्तर गप्प बसले तर नाही. एकाच मांडवात, एकाच घटकेत. हे खेळ कोण करत होतं?

तुम्ही सही केलीत. तुमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून आमच्यातल्या दोघा-तिघांनीही वाजवल्या. पाहुणा उठताना टाळ्या वाजवतो, तर वाजवाव्या.

नंतर फुईने घरातून मधाने भरलेला भोपळ्याचा तुंबा आणवला. पावसाळ्यापूर्वी काढलेला, कोणाला देत नसे. मास्तर टाच मारून घाईघाईने सायकलीचा स्टँड काढत होते. फुईने त्यांचा हात धरला आणि मला म्हणाली, "आता सांग याला. आता तरी तुला कोणी हाकलणार नाही."

"काय सांगू?"

"सांग, आमच्या बापजाद्यांत परक्या माणसानं आमच्यासाठी असं कधी केलं नव्हतं. सांग, पोरगी दिली नाही म्हणून राग धरला नाहीस, मोठा माणूस आहेस. सांग, तुझ्या घरी मयत झाली तर आम्ही सगळे येऊ."

मी मास्तरांना सांगितलं. सगळं. पदरचं घातलं नाही, काही गिळलं नाही.

मास्तर सायकलीच्या सीटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जमने, त्यायले सांग..."

"काय सांगू, मास्तर?"

"काही नाही. राहू दे."

"मध घेता का नाही?"

त्यांनी मध घेतला. न घेते तर फुईने कारण विचारलं असतं. तुंबा हँडलला बांधून ते ओढ्याकडे निघाले, सायकलवर बसलेच नाहीत, हातात धरून चालत गेले.

त्या दुपारी मी फुईला परत परत सांगितलं. ती चुलीपुढे बसून कंद सोलत होती, खुशीत होती.

"फुई, ऐक. त्यांनी लिहिलंय की आपण तयार आहोत."

"लिहू दे. पाहुणा घरी जाऊन बायकोला काहीही सांगतो."

"ट्रक येतील."

"कशाला? आपण काही विकलंय?"

"फुई, तिकडे गप्प बसणं म्हणजे हो असतं."

तिने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात कीव आली. "जमनी, असं कुठेच नसतं, बाळ. मग तिकडे मुक्या जनावराला काय म्हणतात? बैल विकताना बैल गप्प असतो, तो काय हो म्हणतो? तू त्यांच्यात राहून त्यांना येडं समजायला लागलीस."

 मी तिच्यासमोर बसून दुसरा कंद सोलायला घेतला.

ट्रक होळीनंतर आले. फुई अंगणात उभी राहून ड्रायव्हरांना हाताने ओढ्याखालचा रस्ता दाखवत होती. तिला वाटलं, गाव चुकलेत.

पुढचं तुम्हाला फायलीत दिसेल, पण फायलीत नाही ते लिहिते. फुईला हमरस्त्यावरच्या वसाहतीत जागा मिळाली. आमच्यातली दोनच घरं तिथे, त्यातलं एक ऊसतोडीला गेलं ते परतलं नाही. मी नोकरीपायी आश्रमशाळेत, दिवाळी-होळीला जायचे. तिचे शेजारी चांगले होते, वरणाची वाटी आणून द्यायचे. फुई त्यांच्याशी तोंड भरून बोलायची, ते हसून माना हलवायचे. कधी काळी मी गेले की ती बोलत सुटायची, तिचा घसा बसायचा. मग हळूहळू ती तिथे बोलेनाशी झाली. आणि शेवटी पूर्ण गप्प. नळ नाही, गप्प. पेन्शन अडली, गप्प. शेजारीण मला म्हणाली, "तुमची म्हातारी लई गुणाची. कशाची कुरकुर नाही बघा."

मी त्या बाईवर ओरडले. बिचारीला काहीच कळलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ फुई त्या वसाहतीला, त्या रस्त्याला, तुम्हाला नाही म्हणत होती, जितक्या मोठ्याने आमच्यात म्हणता येतं तितक्या मोठ्याने. तशीच गेली.

वहिनीचं ते बाळ आता धरणाखालच्या वसाहतीत ट्रॅक्टर चालवतं. त्याला आमच्या बोलण्याची लाज वाटत नाही, साहेब. शिव्या अजून पक्क्या येतात त्याला. पण ती शिवी ज्याला लागेल असा माणूस त्याच्या वसाहतीत नाही. एकटा माणूस कोणाला शिवी देणार? भिंतीला?

म्हणून ते व्यासपीठावरचं तुमचं बोलणं मागे घ्या. पोरांनी भाषा सोडलेली नाही. तुम्ही माणसांतलं अंतर वाढवलंत, ती मधल्या मध्ये पडली.

आता शेवटचं. हे मी फुईलासुद्धा सांगितलं नव्हतं. सही झाल्यावर, मास्तर गेल्यावर, मी जीपच्या मागच्या चाकाशी जाऊन बसले होते. राग आवरत नव्हता. तुम्ही आणि कारकून पुढून आलात, तुम्हाला मी दिसले नाही. कारकून म्हणाला, "साहेब, गावाने कोंबडं कापलंय, जेवून निघू या." तुम्ही म्हणालात, "नको, नको. चला लवकर. यांच्यातलं कोणी बोलायला लागायच्या आत निघू."

हे तुमचेच शब्द. मी तेव्हाही मराठी नीट समजत होते.

तुम्ही लिहिलंत, आक्षेप नाही, एकमताने मंजूर. आमच्या माणसांनी हो म्हटलं होतं ना? मग हो म्हटलेली माणसं तोंड उघडतील याची भीती कसली वाटली तुम्हाला? काय कानावर पडलं असतं? तुम्ही मास्तरांना विचारलंत तेव्हा पेन खाली ठेवलं होतंत, ते उगाच? ठेवलं होतं म्हणजे ऐकू आलं होतं. आणि ऐकू आलं नव्हतं, तर पळालात का?

प्रश्न लेखी मागितला होतात, हा लेखी दिला. मला शाल नको, सभागृहात बोलावणं नको, बोली जपण्याच्या समितीवर खुर्ची नको. तुम्ही अजून आहात, धडधाकट आहात, भाषणं करता. एवढंच सांगा. त्या दुपारी त्या मांडवात अख्ख्या गावाने तुम्हाला तोंडावर नाही म्हटलं, ते तुम्हाला कळलं होतं का नव्हतं?

उत्तर द्या. तोंडाने द्या.